कोणतं पिंपळगाव?

देवणीत तहसीलसमोर संस्थानी काळातले जुने उर्दू कागद वाचून देणारे एक मामा बसतात. नुसत्या गावाच्या नावावर त्यांचं भागत नाही. पिंपळगावहून पाहुणे आलेत म्हटलं, तरी विचारतात, “कोणतं पिंपळगाव?” त्यांच्या वहीत प्रत्येक गावापुढे आधी तेव्हाचा तालुका-जिल्हा आणि मग आताचा असतो.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, त्यात शाळामास्तर, म्हणून वंशावळ लिहायचं काम माझ्याकडे आलं. एका उर्दू कागदाच्या मराठी तर्जुम्यात आजोबांचं नाव सापडलं. गाव पिंपळगाव, विहीर, चाळीस एकर! मी हरखून भावकीला फोन केले आणि मगच मामांकडे गेलो.

“मास्तर, वर तालुका बिलोली हाय. तुमचं पिंपळगाव तेव्हा उदगीर तालुक्यात, जिल्हा बिदर.”

“पण मामा, नाव तेच हाय की!”

“नावाचे लई हायत. चाळीस एकरवाला आजा समद्यांलाच पाहिजे.”

आठवड्यानं त्यांनी स्वतःहून बोलावलं. समोर एक जुना जबाब होता. पिंपळगाव, तालुका उदगीर, जिल्हा बिदर. आजोबांच्या नावासोबत पणजोबांचं नावही जुळत होतं. धंदा सालगडी. खाली अंगठा.

त्या अंगठ्याचा मी मोबाइलवर फोटो काढला. मग बाहेर येऊन चुलत्यांना फोन लावला.

“काका, विहीर गेली,” म्हणालो, “पण आजोबा सापडले.”