मामाच्या नावाची जागा

गडमुडशिंगीत कुणाच्याही घरी हळद असली की चिमणाबाईला बोलवायला वेगळं माणूस पाठवावं लागत नसे. मांडव घालायची गडबड सुरू झाली की पदर खोचून ती हजर. तिच्या हळदीच्या गाण्यात नवरीच्या मामापासून चुलतचुलत्यापर्यंत सगळ्यांची नावं यायची. एखादं नाव राहिलं तर तो पाहुणा पंगतीत तोंड फुगवून बसे. म्हणून गाण्याआधी ती चुलीपाशी जाऊन कोण कोण आलंय याची चौकशी करून घेई. हा तिचा मान होता आणि तो तिला मनापासून आवडायचा, खोटं कशाला सांगा.

मग डीजे आला. भिंतीएवढ्या स्पीकरपुढं एकट्या बाईचा गळा काय करणार? "गाणं पेनड्राइव्हवर आणा मावशी, लावतो की," असं डीजेवाला हसत म्हणाला. त्यानं चेष्टा केली, हिनं मनावर घेतलं.

तिची सून प्रियदर्शनी कोल्हापुरात एका फोटो स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ जोडायची. तिच्या लॅपटॉपवर गाण्याचं सॉफ्टवेअर होतं. सासूचा आवाज रेकॉर्ड करून तिनं पडद्यावर दाखवला.

"ही वाकडीतिकडी रेघ म्हंजे मी व्हय?" चिमणाबाई चष्मा सावरत म्हणाली. "आणि हितं कापलं तर गाणं दुखत न्हाय न्हवं?"

पण हळूहळू तिचा हात बसला. उत्साहाच्या भरात तिनं गाण्यातले सगळे श्वासच कापून टाकले. ऐकल्यावर स्वतःच घाबरली. "अगं, ह्यात मी दम घ्यायला कुठंच थांबलो न्हाय. मरंन की अशानं!" श्वास परत आले. शेवटी प्रियदर्शनीनं बजावलं, "आत्ती, सेव्ह म्हणजे पीठ मळून ठेवणं. एक्स्पोर्ट म्हणजे भाकरी भाजणं. नुसतं मळलेलं पीठ पाहुण्याला वाढायचं नाही."

गावातल्या राजनंदिनीच्या हळदीला गाणं दणक्यात वाजलं. 'मामा पृथ्वीराज आला गं, शालू जरीचा आणला गं' हे ऐकून पृथ्वीराज मामा मिशीला पीळ देत मांडवभर फिरले.

पुढची हळद क्रांतीची. तिच्या आईनं निरोप धाडला, "मामाचं नाव तेवढं उदयसिंह करून गाणं पाठवा अक्का. तुम्ही कशाला तरास घेताय?" चिमणाबाईला ते फार लागलं. आपण नको, आपला आवाज तेवढा हवा! रागारागात तिनं नाव बदललं, पेनड्राइव्ह भरला आणि सुनेला घेऊन हळदीला गेलीच.

स्पीकर धडधडला. 'मामा पृथ्वीराज आला गं...'

मांडवातल्या सगळ्या माना उदयसिंहांकडं वळल्या. दूध संस्थेच्या निवडणुकीत याच पृथ्वीराजनं उदयसिंहांना नुकतंच पाडलं होतं. उदयसिंह उठले, हातातला शालू पुन्हा पिशवीत घातला आणि म्हणाले, "ज्यानं आणला त्याच्याकडनंच घ्या."

"आत्ती, नाव बदलून नुसतं सेव्ह केलंत!" प्रियदर्शनी कानाशी कुजबुजली. "एक्स्पोर्ट राहिलं. जुनंच गाणं आलंय."

क्रांतीची आई रडकुंडीला आली. चिमणाबाई उठली. "बंद कर रं ते!" असं डीजेवाल्यावर ओरडून तिनं उदयसिंहांची वाट अडवली आणि गायला लागली. मामाचं नाव घेतलं, मामाच्या बापाचं घेतलं, खिलारी बैलांची नावं घेतली. मामा पडला तरी त्याचा फेटा काही पडला नाही, असंही ठोकून दिलं. बायका खदाखदा हसल्या. उदयसिंहांनी फेट्याला हात लावून बघितला आणि त्यांनाही हसू फुटलं. शालू पिशवीतून बाहेर आला. मग मागून हाका सुरू झाल्या, "अक्का, माझंबी नाव घ्या की!" डीजेवाला निवांत जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी चिमणाबाई लॅपटॉपसमोर बसली. गाण्यातली सगळी नावं तिनं एकेक करून कापली. त्या जागी नुसता हलगीचा ठेका ठेवला.

"आत्ती, मामाची जागा मोकळीच राहिली," सून म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. भाज आता भाकरी."

ते गाणं आता गावभर वाजतं. मामाची जागा जवळ आली, की मांडवातलं कुणीतरी चिमणाबाईच्या घराकडं पळत सुटतं. ती मात्र तयार होऊन दारातच उभी असते.