एक दिवसाआड उतरणारा ताप

माझी भाची नजर लागून गेली नाही. मलेरियाने गेली.

आज वर्ष झालं. तिला नाव नाही, फोटो नाही. पाचव्या महिन्यात पोटातच गेलेल्या लेकरासाठी कुणी स्टेटस ठेवत नाही, म्हणून ही पोस्ट.

माझी धाकटी बहीण सुनीता सटाण्याला दिलेली. मी नाशिकला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन.

तिला थंडी वाजून ताप आला. तीन गोधड्या घेऊनही दात वाजत होते.

सासूबाईंनी अंगारा लावला. दुसऱ्या दिवशी ताप नाही.

"देख, उतरी गया ना ताप."

तिसऱ्या दिवशी परत. मग मामेसासऱ्यांनी स्वतःचा स्पेशल काढा पाजला. चौथ्या दिवशी ताप नाही. मामेसासरे खुश, फॅमिली ग्रुपवर रेसिपी.

पाचव्या दिवशी परत. गल्लीतल्या डॉक्टरने काहीही न तपासता सलाईन लावलं. सहाव्या दिवशी ताप नाही. डॉक्टर एकदम देवमाणूस.

अरे, मलेरियाचा ताप बऱ्याचदा एक दिवस सोडूनच येतो. जंतू तिच्या रक्तात आरामात वाढत होता आणि ही हुशार मंडळी त्याच्या सुट्टीच्या दिवसाचं क्रेडिट वाटून घेत होती.

दाजी एकदा म्हणाले, रक्त तपासू. लगेच सासूबाई, "आनि मलेरिया निंघना तर? पोटुशी बाईले गोया चालतस का?"

दाजींनी विषय सोडून दिला. इंजिनिअर आहेत. डिग्री फ्रेम करून हॉलमध्ये लावलीये.

गरोदरपणात चालणारी मलेरियाची औषधं असतात. विचारायचं कुणाला, तर डॉक्टरला. यांनी मामेसासऱ्यांना विचारलं.

सातव्या दिवशी ताप आणि पोटात कळा. नाशिकला आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

तिच्या रक्ताची स्लाइड मीच बघितली. शोधावं लागलं नाही. जिकडे बघावं तिकडे मलेरियाचे जंतू.

रिपोर्ट घेऊन बाहेर आलो तर सासूबाई माझ्या आईला सांगत होत्या, सुनीताने ग्रहणात विळी हातात घेतली होती. मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा नाही म्हणून सांगितलं. चष्मा डोक्यावर होता.

आता माझ्याबद्दल. मलाही सोडणार नाही मी.

सहाव्या दिवशी मी तिला फोन केला होता. "कशी आहेस आज?"

"आज बरंय दादा. भाकरी टाकतेय."

"मग झालं तर. आराम कर." पुढे क्रिकेटवर बोललो आणि फोन ठेवला. रोज दहा जणांच्या मलेरियाच्या स्लाइड बघणारा माणूस.

डिस्चार्जच्या दिवशी सुनीता गाडीत माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "दादा, तू 'आज कशी आहेस' विचारलंस. 'काल कशी होतीस' विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

खाली हात जोडलेले इमोजी टाकू नका. घरात गरोदर बाईला ताप असेल तर आत्ता उठा आणि तिचं रक्त तपासून आणा.

जा बाळा. मामाला माफ नाही केलंस तरी चालेल.