मिनिटाला एक लिटर

बायकोचं पित्ताशय दुर्बिणीतून काढायचं होतं. तिला ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई भेटायला आल्या, तेव्हा मी विचारून घेतलं, भुलीचा गॅस किती सोडता?

"सुरुवातीला मिनिटाला सहा लिटर, मग एकावर आणते."

"माणूस तर मिनिटाला पाच-सहा लिटर श्वास घेतो. एकात कसं भागेल?"

त्या हसल्या. "काका, सोडलेला श्वास आम्ही फेकत नाही. चुन्याच्या खड्यांतून गाळून तोच परत देतो. जास्त सोडला तरी झोप तेवढीच, उरलेला नुसता वाया जातो. कमी सोडला की ऊबही टिकते."

तिला घेऊन त्या आत गेल्या, दार लागलं आणि मला आमचं घर आठवलं. लग्नानंतर आम्ही किती बोलायचो! आता दिवसाकाठी चार वाक्यं होतात. पाणी आलं का, दूध तापवलं का. तीच तिच्याकडून माझ्याकडे येतात आणि माझ्याकडून तिच्याकडे जातात. कमी पडतं असं कधी वाटलं नाही. पण ती वाक्यं फिरत राहायला दोन माणसं लागतात, हे दाराबाहेरच्या बाकावर एकटं बसल्यावर कळलं.

एखादा हिशेब जुळला की तो लगेच तिला सांगायची माझी सवय आहे. मी शेजारी वळून म्हणालो, "ऐकलंस का, एका लिटरात भागतं."

शेजारी तिच्या चपलांची पिशवी होती. ती मी उचलून मांडीवर घेतली.