टायरमधली पत्रकं

पंक्चरच्या सोल्यूशनचा वास आला की मला अजून स्वतःचाच संताप येतो.

निजामाच्या राजवटीत मी आणि माझा मित्र किसन सायकलींवर वसमतहून औंढ्याला निघालो होतो. सांगायला, देवळाची भग्न शिल्पं बघायची होती. खरं तर तिथं जमणाऱ्या लोकांना वाटायला मी लिहिलेली, बंदी असलेली पत्रकं टायरमध्ये दडवली होती. नाक्यावरच्या झडतीत ती सापडली नाहीत. पुढे आडवाटेनं पाणथळीतून सायकली रेटल्या, बगळे उडाले, काटा रुतला. टायर उघडला तर आत नुसता काळा लगदा.

"काहून रडून राहिला लेका? तुला तोंडपाठ हाय की! बोल तिथं."

"छापलेलं नसेल तर कोण मानतं?" मी त्याच्यावरच खेकसलो.

देवळाच्या पायऱ्यांवर पन्नासेक माणसं वाट पाहत होती. मी मान खाली घालून परतलो. त्यांतल्या बहुतेकांना वाचताच येत नव्हतं.