पानागोसच्या मयतावरचा विलाप

आमच्या दक्षिण ग्रीसमध्ये, मानीत, मयतावर विलाप गायचा तर पोतित्साच हवी. तीस वर्षं गावातलं एकही माणूस तिच्या विलापाशिवाय मातीत गेलं नाही. विलाप मध्ये तोडायचा नाही आणि मयतासमोर खोटं बोलायचं नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

अशा बाईच्या लेकीला, लिगेरीला, शेजारच्या गारुफालियानं आयुष्यातून उठवलं. नवरा पानागोस तापानं फणफणला, तेव्हा हिनंच लिगेरीला पोलीस चौकीवर सरकारी क्विनाइनच्या गोळ्या आणायला पिटाळलं; त्या तिथंच मिळायच्या. आणि दुसऱ्या दिवशी तेलाच्या घाण्यावर हीच सांगत सुटली, "पोलिसाच्या खोलीतून बाहेर पडताना पाहिलं हो मी तिला. केस सगळे सुटलेले." आठवड्यात लिगेरीचं ठरलेलं लग्न मोडलं, आणि सहा महिन्यांत त्याच मुलाच्या गळ्यात गारुफालियाची भाची पडली. पोतित्सानं घसा कोरडा केला, पण आईचं बोलणं कोण खरं मानतो? खरं ठाऊक होतं ते पानागोसला. तो बायकोपुढे मूग गिळून बसला. लिगेरी चार वर्षं उंबऱ्याबाहेर पडली नाही.

मग पानागोस मेला आणि गारुफालिया दारात आली.

"पोतित्सावहिनी, झालं गेलं विसरा. विलापाविना पुरला तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"येते की. शेजारधर्म आहे," पोतित्सा म्हणाली. येताना तिनं लिगेरीला दंडाला धरून सोबत आणलं.

आमच्याकडे विलाप विधवेच्या तोंडचा असतो. गाणारीनं ओळ म्हणायची, ती आधी विधवेनं उचलायची, मग सगळ्या बायकांनी. पोतित्सा केस मोकळे सोडून प्रेताच्या उशाशी बसली. चार ओळी पानागोसच्या गुणांच्या झाल्या. मग तिनं गारुफालियाच्या डोळ्यांत पाहत सूर चढवला.

"धन्या, तुझ्या गोळ्यांसाठी लिगेरीला मीच धाडलं,
धन्या, त्या निर्मळ पोरीवर आळ मीच घेतला."

गारुफालियाचा भाऊ ताडकन उठला. एका म्हाताऱ्यानं त्याला खाली ओढलं. "बस. विलाप चाललाय."

ओळ उचलली नाही तर नवरा विलापाविना जाणार. उचलली तर ती गावाच्या तोंडी नातवंडांपर्यंत राहणार. चाळीस बायका वाट पाहत होत्या. मला विचाराल तर तिची तसूभरही दया आली नाही.

गारुफालियानं ओळ उचलली, पुटपुटत. लिगेरीनं मान वर केली.

मागच्या बायकांना नीट ऐकू आलं नसेल, म्हणून पोतित्सानं तीच ओळ पुन्हा घेतली.