जयसिंगरावांची छाती

सांवेर रोडच्या कारखान्यात जयसिंगराव फोरमन होते, पण लोक त्यांना ओळखायचे ते आखाड्यातले उस्ताद म्हणून. पणजोबा-आजोबा होळकरांच्या फौजेत होते. छप्पन्नाव्या वर्षीही जयसिंगराव रोज पहाटे तरण्या पहिलवानांना घाम फोडायचे. "मर्दाचं सगळं छातीत असतं," असं येताजाता सांगायचे.

त्याच छातीत, डाव्या बाजूला, गाठ आली. मालिश करताना हाताला लागायची. कुस्तीत मार बसला असेल, म्हणत त्यांनी सहा महिने काढले. मग एका सकाळी शशिकलाबाईंना त्यांच्या बनियनवर रक्ताचा डाग दिसला. नवऱ्याला काही न विचारता त्यांनी रिक्षा बोलावली आणि थेट दवाखाना गाठला.

तपासण्या झाल्या. डॉक्टर स्मिता म्हणाल्या, "काका, स्तनाचा कॅन्सर आहे."

"मॅडम, काहीतरी गडबड झाली. मी आदमी आहे."

"ती ग्रंथी पुरुषालाही असते, थोडीशी. बायकांचं म्हणतात ते हार्मोनसुद्धा तुमच्या अंगात आहे. फक्त कुणी सांगत नाही."

ऑपरेशनला ते तयार झाले, पण एका अटीवर: बाहेर 'फेफड्यात गाठ होती' एवढंच सांगायचं. शशिकलाबाई चिडल्या. "तीस वर्षं संसार केला, तो काय तुमच्या छातीशी?" पण त्यांनी अट पाळली.

ऑपरेशननंतर डावा हात खांद्याच्या वर जाईना. दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत सात बायका आणि हे एकटे. पहिल्या दिवशी ते कोपऱ्यात मान खाली घालून उभे राहिले. शेजारी राऊ गावच्या गंगूबाई होत्या.

"लाजता काय दादा? भिंतीवर बोटं चालवा, मुंगीसारखी. कालच्यापेक्षा एक बोट वर, बस."

ते हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांमुळे अंगातून वाफा निघू लागल्या, तेव्हाही गंगूबाईच म्हणाल्या, "मानेवर ओला टॉवेल टाका. आम्हालाही होतं तसं. जातं."

पंधरा दिवसांत उस्तादांचा मूळ स्वभाव उफाळून आला. "कोपर ताठ! श्वास कोंडू नका! चला, और दो!" खोली दणाणून जायची. बायका कधी हसत, कधी डोळे पुसत, पण हात वर नेत. जयसिंगरावांनी जन्मभर ताकदच पाहिली होती. अशी ताकद मात्र ते पहिल्यांदाच पाहत होते. घरी येऊन म्हणाले, "शशी, मी इतकी वर्षं आखाड्यात काय शिकवलं कोण जाणे."

नागपंचमी आली. कुस्त्यांच्या दंगलीआधी उस्तादांनी सलामी देऊन मुद्गल फिरवायचा, ही आखाड्याची रीत. ऑपरेशन झाल्यापासून ते सदरा घालूनच येत. त्यांचे जुने जोडीदार जयेश गर्दीतून ओरडले, "उस्ताद, सदरा काढो ना भिया! शरमाता काय?"

जयसिंगरावांनी सदरा काढला. छातीची डावी बाजू सपाट, तिच्यावर काखेपर्यंत गेलेला व्रण. हलगी वाजायची थांबली.

"फेफड्यात काही नव्हतं," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. मला स्तनाचा कॅन्सर झाला होता, बायकांना होतो तोच. सांगितलं तर लोक मला मर्द म्हणणार नाहीत, याची भीती वाटली. मरायची तयारी होती, सांगायची नव्हती. कुणाच्या छातीत गाठ असेल तर त्यानं माझ्याकडे यावं. मी सोबत येईन."

मग वाकून त्यांनी मुद्गल उचलला. डावा हात खांद्याशी अडला, आणि वर गेला. एक फेरा, दुसरा, दहावा! या आखाड्यात आजवर बाईमाणूस कधी बसलं नव्हतं. आज मात्र शशिकलाबाईंनी व्यायामाच्या खोलीतल्या त्या सातजणींना आग्रहानं आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. गंगूबाईंनी तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारली, की हलगीवाला भानावर आला. मग अख्खा आखाडा उभा राहिला. घामानं निथळणारे जयसिंगराव आता व्रण झाकायला विसरले होते.

तिसऱ्या दिवशी जयेश दारात उभे. "उस्ताद, जरा बोलायचं होतं." त्यांच्याही छातीत गाठ होती; ती साधी चरबीची निघाली. पण वर्षभरात आखाड्यातले अकरा जण तपासून आले. त्यातल्या पियुषची गाठ मात्र खरीच कॅन्सरची होती. वेळेत सापडली. आता तो पोलोग्राउंडच्या वर्कशॉपमध्ये पुन्हा कामाला लागला आहे आणि पहाटे सगळ्यांच्या आधी आखाड्यात येऊन माती खणतो.