नोकरी धरा, मुन्शीजी

"मुन्शीजी, जरा नोकरी धरा."

खेळायला आला की तो पहिल्यांदा हेच म्हणायचा. खांद्यावरचा चामडी पट्टा काढायचा, त्यावरची चपरास, म्हणजे चपराशाचा पितळी बिल्ला, धोतराच्या सोग्याने पुसायचा आणि पंच म्हणून उभ्या असलेल्या माझ्या गळ्यात अडकवायचा. बॅट फिरवताना ती बरगडीला टोचते म्हणे. मग अनवाणी टाच मातीत रोवून तो उभा राहिला, की बिंदुसरा नदीच्या काठावर जमलेली सगळी माणसं गप्प.

आमचं बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. मी तालुकदार कचेरीत कारकून. साहेब, म्हणजे खुद्द तालुकदार, जिल्ह्याचे मुख्य अधिकारी, हैदराबादहून आलेले आणि क्रिकेटचे वेडे. त्यांनी अख्खी कचेरी मैदानात उतरवली. पहिल्याच दिवशी चेंडू माझ्याकडे आला तेव्हा मी नोकरीतल्या सवयीने अदबीने बाजूला झालो आणि त्याला वाट दिली. दुसरा मात्र अडवला. कपाळाने. शुद्धीवर आलो तेव्हा कळलं, मला पंच नेमलंय.

पंचाचं काम सोपं होतं. साहेब चेंडू टाकून वळायचे, "क्यूँ मुन्शीजी?" म्हणायचे आणि माझं बोट वर जायचं. इतकं अंगवळणी पडलं, की एकदा कचेरीत त्यांनी "क्यूँ मुन्शीजी, डाक आली?" असं विचारलं, तरी मी बोट वर केलं.

आणि तो? तुम्हीही खेळणारे पुष्कळ पाहिले असतील, पण असा नाही. पाटोद्याकडच्या कोरडवाहू रानातून आलेला हा चपराशी. फायली वाहता वाहता बॅट हातात आली आणि महिन्याभरात त्याचं नाव परळीपर्यंत पोचलं. पाटोद्याच्या बाजारातली माणसं बाजार उरकून त्याचा खेळ बघायला बीडला यायची. त्याने मारलेला चेंडू एकदा कचेरीची कौलं फोडून थेट माझ्या दौतीत उतरला. सरावाला पंच लागत नसे, म्हणून मी तेव्हा खुर्चीत डुलकी घेत होतो. निळं तोंड घेऊन मैदानावर धावलो, तर तो म्हणाला, "मुन्शीजी, चेंडू सोता चालत येतोय. मंग आपून कावून पळायचं?" ही त्याची क्रिकेटविद्या. उभं राहायचं, शेवटपर्यंत बघायचं आणि मारायचं.

फक्त साहेबांच्या हातात चेंडू आला, की तो बाद व्हायचा.

लगेच नाही बरं का. साहेबांची तब्येत बघून. हैदराबादहून बरी डाक आलेली असली तर चार-दोन चेंडू खेळून. चेहरा आंबट असला तर पहिल्याच चेंडूला. बॅट आणि पाय यांच्यामधून चेंडू जाईल एवढीच फट ठेवायची, दांडी उडाली की कपाळावर हात मारून घ्यायचा आणि ओरडायचं, "अरारारा! काय चेंडू टाकलाव, हुजूर!" बाद होण्यात एवढी कारागिरी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. साहेबांना तर खात्रीच होती, की आपल्यासारखा गोलंदाज मुलखात नाही.

एकदा मी डोळा मारून म्हटलं, "लेका, खरं खेळ की कधीतरी."

त्याने माझ्या गळ्यातल्या पितळी चपराशीवर बोट ठेवलं. "मुन्शीजी, हिच्यापायी गावात माझ्या बापाला लोक राम राम घालत्यात. आदी कुनी वळख देत न्हवतं."

मग औरंगाबादच्या छावणीतले पाहुणे आले. दुपारी मैदानाशेजारच्या तंबूत जेवताना साहेबांच्या गोलंदाजीची गोष्ट निघाली. एक पाहुणा हसत म्हणाला, "जनाब, आपलेच नोकर. ते आपल्यासमोर बाद नाही होणार तर कुठे होणार?"

साहेबांचा घास हातातच राहिला. ते उठून मैदानावर आले आणि सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, "आज असली खेळ. पुरी ताकद से. हुकूम है."

त्याने पट्टा काढला. माझ्या गळ्यात घातला. "नोकरी धरा, मुन्शीजी," तो म्हणाला.

पहिला चेंडू नदीत गेला. दुसरा बाभळींवरून. आम्हा सगळ्यांच्या तोंडाचे आ झाले ते मिटेनात. टाळी वाजवायची की तोंड लपवायचं, कुणाला कळेना. पाहुणेही हसायचे थांबले. साहेब घामाघूम होऊन चेंडू टाकत होते आणि तो हुकूम पाळत होता. शेवटी एक चेंडू त्याच्यापासून हातभर लांबून गेला. साहेब वळले. "क्यूँ मुन्शीजी?"

माझं बोट वर.

तो जागचा हलला नाही. "मुन्शीजी, हुकूम असली खेळायचा हाय. मी आऊट न्हाई."

साहेब सावकाश त्याच्याजवळ गेले. "और पहले? इतके दिवस?"

त्याने मान खाली घातली. "हुजूर, तवा हुकूम न्हवता."

साहेबांच्या हातून चेंडू गळून पडला. ते रागावले नाहीत. आपल्या घराला आग लागलेली लांबून दिसावी, तसे उभे राहिले. मग तंबूकडे निघून गेले.

त्याने बॅट माझ्या पायाशी ठेवली. मी घाईघाईने पट्टा काढू लागलो. "घे रे बाबा. त्यांनी तुला काढलेलं नाही."

"राहू द्या," तो म्हणाला. "आता माज्याकडं बगितलं, की हुजूरला रोज त्येच दिसंल. लई वंगाळ झालं, मुन्शीजी. मानूस वाईट न्हाई त्यो."

नदी उतरून तो पलीकडे गेला. साहेबांनी दोनदा त्याला बोलावणं धाडलं. तो आला नाही.

त्यानंतर साहेब पहाटे एकटेच गोलंदाजी करायचे. समोर नुसत्या तीन दांड्या. मला मात्र उभं राहावं लागे, तो पट्टा गळ्यात घालून, कारण तो कुठे जमा करायचा हे विचारायची माझी छाती नव्हती. कितीतरी दिवस एकही चेंडू दांडीला लागला नाही.

एका पहाटे लागला. मधली दांडी उडून लांब पडली. साहेब काही म्हणाले नाहीत, तरी माझं बोट आपोआप वर गेलं.

साहेबांनी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग दांड्यांपुढच्या मातीकडे. तिथे अनवाणी टाचेने पडलेला खळगा अजून तसाच होता.

"क्यूँ मुन्शीजी," ते हळूच म्हणाले, "आऊट कौन हुआ?"